सांभाळायला चालते, ठेवायला नाही

प्रति,
नागपुरातल्या प्राणी बचाव गटांमध्ये अडॉप्शनचं काम पाहणाऱ्या सर्व ताई-दादांना,

सप्रेम नमस्कार.

तर्री हे एका कुत्रीचं नाव आहे, हे आधीच सांगून टाकते. नागपूरबाहेरचं कोणी वाचत असेल तर त्याला वाटायचं, बाई पोह्यांबद्दल तक्रार करायला बसली. अंगाचा रंग तर्रीसारखा लालभडक-तांबडा, म्हणून हे नाव. ते मी नाही ठेवलं. तुमच्यातलीच एक मुलगी तिला माझ्याकडे घेऊन आली, तिने ठेवलं. पोळ्याचा दिवस होता, २२ ऑगस्ट २०२५. रात्री साडेदहा वाजता टॉवेलात गुंडाळलेलं दीड-दोन महिन्यांचं पिल्लू माझ्या हातात देत ती म्हणाली, "मावशी, फक्त चार दिवस."

चार दिवसांचे सात महिने झाले. तक्रार त्याबद्दलही नाही. ती तुमच्या दत्तक अर्जातल्या अटींबद्दल आहे.

मी महालात एका जुन्या वाड्यात राहते. सरकारी दवाखान्यात ३४ वर्षं नर्स होते, पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले. गेली तीन वर्षं तुमच्यातल्या एका गटासाठी पिल्लं फोस्टर करते, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळते. तर्री नववी. आधीची आठ मी दिली. प्रत्येक वेळी रडले आणि दिली. तेव्हा "मावशीला सोडवत नाही" असं कोणी म्हणणार असेल तर त्याने ते आठ निरोप आठवावेत. गटाचं नाव मी इथे लिहिणार नाही. एक तर ती पोरं माझ्या मुलांसारखी आहेत, आणि दुसरं म्हणजे तुमच्या बहुतेकांचा अर्ज थोड्याफार फरकाने सारखाच आहे. मी चार गटांचे मागवून पाहिले. एकात तर शुद्धलेखनाच्या चुकाही दुसऱ्यातल्याच होत्या.

आल्या रात्रीच तिला उलट्या सुरू झाल्या. पहाटे हगवण, आणि त्याचा तो वास. ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. चाचणीआधीच मला कळलं होतं, पार्व्हो, पिल्लांचा जीव घेणारा विषाणूचा आजार. सकाळी डॉक्टरांनी कॅन्युला लावून दिलं, औषधं लिहून दिली आणि सलाईनचं मला सांगितलं, कारण त्यांना माहीत होतं की मी वेग मोजू शकते. एवढ्या लहान जीवाला थेंब मोजूनच द्यावे लागतात. वाड्यापलीकडच्या रस्त्यावरून मारबत, म्हणजे रोगराई-इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, निघाली होती. ढोलताशांनी खिडकीच्या काचा हलत होत्या, पोरं ओरडत होती, "घेऊन जा गे मारबत!" मी तर्रीचा पुढचा पाय धरून बसले होते. देवाधर्माचं माझं फार नाही, पण त्या दिवशी मीही मनात म्हटलं, ने बाई, हेही घेऊन जा.

चार रात्री मी झोपले नाही. पाचव्या दिवशी तिने चमचाभर भाताची पेज चाटली. पुढचे दोन महिने मी फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसत होते, कारण पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने तग धरतो आणि वाड्याच्या चौकात इतरही कुत्री येतात. नंतर लसी, पुढचे डोस, रेबीजची लस, जानेवारीत नसबंदी. खर्च गटाने केला, रात्री माझ्या होत्या. हिशेब मांडत नाहीये. हे सगळं होईपर्यंत माझं घर तुम्हाला पसंत होतं, एवढंच सांगायचं आहे.

डिसेंबरात मी तर्रीसाठी स्वतःचा अर्ज भरला. का भरला ते पुढे सांगते. नियमाप्रमाणे होम चेकला दोघं आली, त्यातली एक तीच टॉवेलवाली मुलगी. पार्व्होच्या दुसऱ्या रात्री ही मुलगी माझ्या खोलीत सतरंजीवर झोपली होती, सकाळी माझ्याच हातचा चहा घेऊन कामावर गेली होती. आता मांडीवर अर्ज घेऊन बसली. बिचारी ओशाळली होती.

"मावशी, विचारावं लागतं हो. घरात माणसं किती?"

"तू मोजून सांग."

"एक." तिने लिहिलं. मग वय. मग घर मालकीचं की भाड्याचं. मग बाल्कनीला जाळी आहे का. बाल्कनी नाही, पुढे लाकडी कठड्याची माडी आहे. तिच्या जोडीदाराने टेपने कठड्याची उंची मोजली. तर्री त्या टेपच्या टोकाशी खेळत होती.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर उत्तर आलं. भाड्याचं घर, एकटी व्यक्ती, वय ६०च्या वर, समाईक चौक. "नियमानुसार आपला अर्ज मान्य करता येत नाही. मात्र योग्य घर मिळेपर्यंत तर्री आपल्याकडेच फोस्टर म्हणून राहावी ही विनंती." खाली हात जोडलेले दोन इमोजी.

मी तो मेसेज चष्मा पुसून पुन्हा वाचला. माझं घर तर्रीला अयोग्य आहे, म्हणून तर्रीने माझ्याच घरी राहावं. तेही मुदतीशिवाय. सांभाळायला मी चालते, ठेवायला चालत नाही.

फोस्टरने कुत्रं स्वतःच ठेवून घेतलं तर त्याला तुम्ही हसत हसत 'फोस्टर फेल' म्हणता. गंमत म्हणून ठीक आहे. मला मात्र नापास व्हायलाही परवानगी मिळाली नाही.

आता तुमची बाजू. ती मला ठाऊक आहे, तुमच्या इतकी नसेल पण आहे. तुम्हाला कोणी पगार देत नाही. रात्री दोनला फोन येतात, नाल्यात उतरावं लागतं, आणि उधारी थकली म्हणून मेडिकलवाला तुम्हालाच ऐकवतो. एवढं करून वाचवलेलं कुत्रं कोणाला दिलं आणि सहा महिन्यांनी ते मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर साखळीला, पालथ्या भांड्याशेजारी मेलेलं सापडलं, तर पुढच्या माणसाकडे संशयाने बघावंसं वाटणारच. तुमचा प्रत्येक नियम कुठल्या तरी मेलेल्या किंवा हरवलेल्या कुत्र्यामागून आला आहे, हे मी मानते. मी स्वतः माणसं परत पाठवली आहेत. एकाला हिंगण्याकडच्या शेतावर राखणीला कुत्रं हवं होतं, "रात्री सोडू, दिवसा बांधू" म्हणाला. एक बाई मुलीच्या वाढदिवसाला 'सरप्राईज' द्यायला आली होती, मुलीला कुत्र्यांची भीती वाटते हे बोलता बोलता तिच्याच तोंडून निघालं. एकाने तर मादी आहे हे कळल्यावर पहिला प्रश्न विचारला, नसबंदी करायलाच पाहिजे का? या तिघांचीही घरं मालकीची होती. तुमच्या अर्जात तिघंही पास झाले असते. मी त्यांच्याशी पंधरा मिनिटं बोलले म्हणून कळलं.

अटी काढून टाका असं मी म्हणत नाही. तुमच्या अटी घर मोजतात, माणूस मोजत नाहीत, हे माझं म्हणणं आहे.

ऑक्टोबरात पाचपावलीचे एक ऑटोवाले भाऊ तर्रीला बघायला आले होते. तिचा फोटो त्यांच्या मुलाने मोबाईलवर पाहिला होता. येताना प्लास्टिकच्या पिशवीत एक वही घेऊन आले. त्यांचा आधीचा कुत्रा मोत्या १३ वर्षं जगून गेला, त्याची लसीची पुस्तिका. ऑटोच्या आरसी बुकासोबत जपून ठेवलेली. दरवर्षीचा रेबीजचा शिक्का, सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यातला. एकही वर्ष चुकलेलं नाही. त्या पानांवरून मी बोट फिरवलं. प्रत्येक शिक्का म्हणजे अर्ध्या दिवसाचा बुडालेला धंदा, हे त्यांना सांगावं लागलं नाही. तर्री तेव्हा अनोळखी पुरुषांना भुंकायची. ते खाली बसले, तिच्याकडे न बघता माझ्याशीच बोलत राहिले, आणि दहाव्या मिनिटाला ती त्यांच्या चपलेवर डोकं ठेवून पडली होती. कुत्र्याशी ओळख अशी करायची असते हे त्यांना कोणी शिबिरात शिकवलं नव्हतं.

मी गटाला लिहिलं, द्या यांना, डोळे मिटून द्या. नकार आला. एकच खोली, दार थेट रस्त्यावर उघडतं, उत्पन्न अनियमित. त्यांना तर एवढंही कळवलं गेलं नाही. "तुमचं प्रोफाईल मॅच होत नाही" असा निरोप गेला. ते मला फोनवर म्हणाले, "कुत्रीनं नाही म्हटलं असतं तं समजलो असतो मॅडम. थिनं तं हो म्हटलं व्हतं."

रस्त्यावर उघडणारं दार ही खरी अडचण आहे, मी नाकारत नाही. पण तिच्यावर इलाज आहे, लोखंडी जाळीचं अर्धं दार. वस्तीतल्या कित्येक घरांना लहान मूल बाहेर जाऊ नये म्हणून तसं लावलेलंच असतं. "हे बसवून घ्या, मग देतो" असं कोणी म्हणालं असतं तर भावांनी आठवड्यात बसवलं असतं. पण तुमच्या अर्जावर हो किंवा नाही, दोनच चौकोन आहेत.

मग नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी तर्री एका बंगल्यात गेली. अर्ज इतका चोख की मलाही दोष काढता आला नाही. कंपाउंड, गेट, दोन गाड्या, घरात चार माणसं. लोक वाईट नव्हते, हे मुद्दाम लिहिते. त्यांनी नवं अंथरूण आणलं, महागडं खाणं आणलं. पण रात्री तिला पोर्चमध्ये ठेवलं, कारण आत पॉलिश केलेली फरशी. ती रात्रभर रडायची, शेजारी बोलायला लागले. एकोणिसाव्या दिवशी ती परत आली. बचावकामात तुम्हीच सगळ्यांना सांगता ना, तीन दिवस बावरण्याचे, तीन आठवडे रुळण्याचे, तीन महिने घर आपलं वाटण्याचे? तीन आठवडेही झाले नव्हते.

परत आली ती वेगळी होती. वाड्याचा दरवाजा करकरला की मुतायची. मी पिशवी उचलली की पलंगाखाली जाऊन बसायची, कारण पिशवी उचलली म्हणजे कोणीतरी तिला कुठेतरी नेऊन सोडणार. यातून बाहेर यायला तिला सहा-सात आठवडे लागले. मी अर्ज का भरला ते हेच. पुन्हा एकदा तिच्या पायाखालची जमीन काढून घ्यायची माझी छाती झाली नाही.

त्या बंगल्याला तुम्ही काळ्या यादीत टाकलं का, मला माहीत नाही. टाकू नका. पण ज्या अर्जाने त्यांना पूर्ण गुण दिले त्या अर्जाला मात्र कोणीतरी प्रश्न विचारा.

ऑटोवाल्या भावांकडे आज कुत्रं आहे. दिवाळीनंतर वस्तीतलंच एक पिल्लू त्यांनी उचलून आणलं. लस त्यांनी स्वतःच्या पैशाने सुरू केली, नसबंदीसाठी कुठे जायचं ते मला विचारत होते. मिहानमध्ये कामाला जाणारी एक मुलगी, वय २६, तिलाही तुमच्यातल्या एका गटाने नाही म्हटलं होतं. कारण, "लग्न झाल्यावर कुत्र्याचं काय?" (हा प्रश्न एकाही मुलाला विचारलेला मी ऐकला नाही. त्यांची लग्नं बहुधा कुत्र्यांना विचारून होत असावीत.) तिने चिडून विकतचं लॅब्रॉडॉर आणलं. विकणाऱ्याने एकच प्रश्न विचारला, रोख की यूपीआय? पिल्लू ३५ दिवसांचं होतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये असं २०१७चे श्वान प्रजननाचे नियम सांगतात, पण ते सांगायला तिथे कोण बसलंय?

तुम्ही नकार दिला म्हणजे त्या माणसाच्या घरी कुत्रं येत नाही असं होत नाही. येतंच. फक्त ते तुमच्या हातून येत नाही, म्हणजे लसीशिवाय येतं, नसबंदीच्या हमीशिवाय येतं, आणि अडचण आली तर फोन करायला कोणी नसतं. तुमच्या मनात प्रत्येक अर्जदारासमोर एक अधिक चांगला अर्जदार उभा असतो. प्रत्यक्षात त्याच्यासमोर रस्ता आणि दुकान उभं आहे. आणि तुमच्या बाजूला, बारा पिंजऱ्यांच्या जागेत वीस कुत्री. ७ नोव्हेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशन यांच्या आवारातली कुत्री उचलून पुन्हा तिथेच सोडू नयेत असा आदेश दिला. ती कुठे जाणार याची चिंता तुमच्याच बैठकीत मी ऐकली आहे. जागा नाही, घरं मिळत नाहीत, असं एकीकडे म्हणायचं आणि दुसरीकडे दारात आलेलं घर टेपने मोजून परत पाठवायचं, हे मला समजत नाही.

आता भाड्याच्या घराचं. या वाड्यात मी ३१ वर्षं भाडेकरू आहे. समोर बांधलेल्या फ्लॅट स्कीममध्ये तेवढ्या काळात किती मालक आले आणि विकून गेले, याची मोजदाद मी सोडून दिली. भाडेकरू आज आहे उद्या नाही, हे मुंबई-पुण्याच्या ११ महिन्यांच्या करारावरून काढलेलं अनुमान आहे. ते महालातल्या, इतवारीतल्या वाड्यांना लावायचं म्हणजे कोणाची तरी चप्पल दुसऱ्याच्या पायात घालणं. आणि सोसायटीची ना-हरकत? भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाचं २०१५चं परिपत्रक तुम्हीच मला दाखवलं होतं. सोसायटीला बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. कुत्र्यावरून सोसायटीत भांडण झालं की तुम्ही तेच घेऊन पुढे येता. आणि अर्ज भरताना मात्र त्याच सोसायटीची परवानगी आणायला सांगता, जी नाकारायचा तिला अधिकारच नाही. सेक्रेटरीला आयतं हत्यार तुम्ही देता.

अर्ज नागपूरचा नाही याची आणखी एक खूण. २२ प्रश्नांत उन्हाळ्याबद्दल एक प्रश्न नाही! बाल्कनीची जाळी विचारतात, परदेशी गेलात तर कुत्रं कोण सांभाळेल ते विचारतात (पाचपावलीच्या भावांनी त्यापुढे 'गेलो तं सांगतो' असं लिहिलं होतं). पण आपल्याकडे पारा ४५-४६ला जातो, तेव्हा दुपारी दोन वाजता हा जीव नेमका कुठे पडलेला असेल, हे कोणी विचारत नाही. टिनाच्या शेडखाली? गच्चीवरच्या खोलीत? कूलर कोणत्या खोलीत आहे, आणि त्या खोलीत कुत्र्याला येऊ देता का? माझ्या मते नागपुरात पहिला प्रश्न हाच पाहिजे. बंगल्यातला पोर्च त्याच एका प्रश्नात उघडा पडला असता, आणि एका खोलीचं घर सहज पास झालं असतं, कारण जिथे एकच खोली आणि एकच कूलर, तिथे माणसं आणि कुत्रं एकाच वाऱ्यात झोपतात.

एक जुनी गोष्ट आठवते. ऑक्टोबर २०२२मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं होतं की ज्यांना भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचं आहे त्यांनी ती रीतसर दत्तक घ्यावीत, महापालिकेत नोंदवावीत आणि आपल्या घरात खाऊ घालावं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्या तीन-चार आठवड्यांत आपण सगळे किती पोटतिडकीने बोलत होतो! मीही बोलले होते. रात्री गाडी बंद करताना उरलेली पोळी चार कुत्र्यांना घालणारा पोहेवाला, धुणीभांडी करून परतताना बिस्किटाचा पुडा फोडणारी बाई, यांना 'दत्तक घे नाहीतर घालू नको' म्हणणं अन्यायाचं आहे, गरिबाची माया पण माया असते, असं आपण म्हणत होतो. बरोबरच म्हणत होतो.

तोच पोहेवाला उद्या तुमच्याकडे दत्तक घ्यायला आला तर त्याचा अर्ज कितव्या प्रश्नाला बाद होईल? मी मोजलं. तिसऱ्या.

आता माझ्या वयाचं. हा प्रश्न तुम्ही विचारलात यात गैर काही नाही. कुत्रं बारा-चौदा वर्षं जगतं, मी ६३ची. माझ्यामागे कोण, हे विचारलंच पाहिजे. त्याचं उत्तर मी अर्जात लिहिलं होतं. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाचं नाव दिलं होतं, तर्री अर्धा दिवस त्यांच्याकडेच असते, आणि माझ्या भाचीची सही जोडली होती. तो कागद कोणी वाचल्याचं दिसलं नाही. पण मग हाच प्रश्न पस्तिशीतल्या जोडप्यालाही विचारा. मी ३४ वर्षं वॉर्डात काढली आहेत. पस्तिशीतले किती गेले ते मला विचारा. शिवाय बदल्या होतात, बाळंतपणं होतात, घटस्फोट होतात, मुलाला ॲलर्जी निघते. गेल्या तीन वर्षांत गटाकडे परत आलेली जी कुत्री मी पाहिली, त्यांतलं एकही म्हाताऱ्या माणसाच्या मरणाने आलेलं नव्हतं.

मग काय करावं? मी काही समितीवर नाही, पण मनात आहे ते लिहिते. फोस्टरला मत द्या. कुत्र्यासोबत चोवीस तास राहणारा माणूस तो असतो. ते उडी मारतं का, एकटं राहतं का, पुरुषांना घाबरतं का, हे फोनवरून अर्ज तपासणाऱ्याला कसं कळणार? माझा शब्द अखेरचा असावा असं नाही. फोस्टर पण आंधळा होतो मायेने, मी तरी आत्ता आहे की नाही कोण जाणे. पण निदान माझी माहिती अर्जाशेजारी ठेवून तर बघा. नकार द्याल तर कारण स्पष्ट द्या, साध्या मराठीत, आणि ते दुरुस्त होण्यासारखं असेल तर तसं सांगा. 'प्रोफाईल मॅच' हा शब्द लग्नाच्या वेबसाईटलाच राहू द्या. कडक राहायचं तिथे जरूर राहा. नसबंदी, दरवर्षीची लस, साखळीला बांधून न ठेवणं, नाही जमलं तर कुत्रं रस्त्यावर न सोडता तुमच्याकडेच आणून देणं. यात कोणाला सूट नको, बंगल्याला नको आणि मलाही नको. बाकीचं, म्हणजे कोणाची भिंत कोणाच्या नावावर आहे, ते जरा सैल सोडा. आणि कागदावर घट्ट होऊन नंतर गायब होण्यापेक्षा दिल्यानंतर पहिला महिना आठवड्याला एक चक्कर मारा. बंगल्यात दुसऱ्या आठवड्यात कोणी गेलं असतं तर "रात्री आत घ्या, आठ दिवसांत रडणं थांबेल" एवढं एक वाक्य पुरलं असतं. कदाचित तर्री आज तिथेच असती, आणि हे पत्र लिहायची वेळ आली नसती. तेही मला चाललं असतं.

काही जण म्हणतील, मावशी, कशाला कागदाच्या मागे लागता, कुत्रं तर तुमच्याकडेच आहे. आहे. पण तिच्या लसीच्या पुस्तिकेवर मालक म्हणून गटाचं नाव आहे. महापालिकेत नोंदणी करायला गेले तर माझ्या हातात कागद नाही. आणि दर पंधरा दिवसांनी कोणी ना कोणी तिला 'बघायला' येतं. येणारा चांगलाच असतो. ती मात्र पुन्हा दोन दिवस पलंगाखाली जाते.

येत्या रविवारी असंच एक कुटुंब येणार असल्याचा निरोप कालच आला. जरूर या. मी आडवी येणार नाही. माणसं नीट असतील, तर्री त्यांच्याजवळ बसली, तर मीच म्हणेन द्या, आणि नवव्यांदा रडेन. फक्त त्यांचा अर्ज तपासताना माझाही त्याच्याशेजारी ठेवा. मी तो पुन्हा भरून ठेवला आहे. यावेळी भाडेपावत्या जोडल्या आहेत, ३१ वर्षांच्या सगळ्या नाहीत, तुमच्या फाईलला पेलवतील तेवढ्या.

दुपारी येऊ नका, कूलर परवाच काढला आणि साडेचारपर्यंत ती त्याच्यापुढून उठत नाही. आणि गाडीवरून येणाऱ्यांना सांगा, हेल्मेट खाली चौकातच काढून ठेवा. हेल्मेट घातलेलं माणूस तिला अजून चालत नाही.

तुमची,
तर्रीची फोस्टर
महाल, नागपूर